अंक बत्तिसावा

कंपनी बुडाली तेव्हा डॉक्टर बॅरोमीटर
गिरणीच्या धुराड्यावरून निसटला होता.
अंक एकतीस, शेवटची चौकट:
खाली आमच्या डलूथसारखंच एक शहर,
वर तो, उताणा, आणि कोपऱ्यात
‘पुढील अंकी’ एवढे दोन शब्द.

दुकानात म्हाताऱ्या फेल्प्सनं हात झटकले:
पुढचा अंक नाही, पोरांनो. येणारच नाही.
बाहेर उणे बावीस. सरोवर
कडेकडेनं कुरकुरत गोठत होतं.
लेम्पी हाउक्कालानं हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि म्हणाली, मग आपण लिहू.

आपण म्हणजे ती लिहिणार, मी काढणार.
मी, डेल ओसगुड, इयत्ता आठवी.
मला सगळं यायचं: विजा, विटा, फुगलेले दंड,
फुटत्या काचेचा एकेक तुकडा.
फक्त हात यायचे नाहीत.
बोटं काढली की केळ्यांची फणी व्हायची.
म्हणून माझे सगळे वीर
मुठी पाठीमागे बांधून जग वाचवायचे,
आणि खलनायकांना खिसे, खोल खोल.
हात आखडता घेणं म्हणतात ते
मी असं शिकलो, अक्षरशः.

आधी आम्ही रीतसर नवे वीर जन्माला घातले.
एक बर्फाखालून बोलणारा.
दोघी जुळ्या, दोघींत मिळून सावली एकच.
आणि चुंबकी मॉरिस, ज्याला फक्त चमचे चिकटायचे.
लेम्पीनं सगळे खोडले, मॉरिससकट
(मॉरिसचं मला अजून वाईट वाटतं).
ती एकतिसावा अंक भिंगाखाली धरून बसली
आणि पान नऊवर थांबली.

ही कोण?
डावीकडे, इमारत कोसळते त्या धुरळ्यात,
पिवळा कोट, नखाएवढी बाई,
छातीशी किराण्याची कागदी पिशवी, पळतेय.
नाव नाही. चेहऱ्याच्या जागी एक टिंब.
पान दहावर ती नाही.
पोहोचली का रे ती? लेम्पीनं विचारलं,
जणू मला माहीत असायला हवं होतं.

डॉक्टर बॅरोमीटर राहिला हवेत.
बत्तिसावा अंक पिवळ्या कोटाचा झाला.
तिची शक्ती ठरवायला तीन आठवडे गेले.
उडणं नको, कुणीही उडतं.
शेवटी एका रात्री फोनवर, कुजबुजत:
तिच्या हातातलं काहीच सांडत नाही.
इमारत पडो, पूल पडो,
अंडी शाबूत घरी.
हात? मी म्हटलं.
हो, हात.

मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.
तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरातून पहाटे यायची.
ब्लीचनं भेगाळलेली बोटं कॉफीच्या कपाभोवती,
अंगठीच्या जागी पांढरा वळसा, अंगठी नाही.
मी काढत राहिलो. कशाला, ते तिनं विचारलं नाही.
कॉफी थंड झाली तरी
कप मात्र खाली ठेवला नाही.

चर्चच्या झेरॉक्सवर बारा प्रती.
किंमत पंचवीस सेंट. सात खपल्या.
त्यातली एक तिच्या आईनं घेतली, नाणं मोजून,
आणि पान चारवर बोट टेकवून म्हणाली,
माझी करंगळी वाकडी आहे.
इथे तू सरळ केलीस.

तेहतिसावा झाला. चौतिसावा अर्धा.
लेम्पी टकोमाला गेली. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो,
तिथे हात क्वचितच लागतात.
शेवटचं पान अजून फळीवर टाचलेलं आहे:
पिवळा कोट भर चौकात उभा,
पिशवी पहिल्यांदाच खाली ठेवलेली,
हात वर,
करंगळी वाकडी.
त्यांच्या वरची जागा मी कोरी सोडलीय.
तो पडतोच आहे अजून, इतकी वर्षं.

काल टकोमाहून कार्ड आलं, एकच ओळ:
पिशवीत अंडी किती, ते आधी ठरव.